बी४५० मदरबोर्ड: ठेवावा, बदलावा की जुना घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एएमडीच्या एएम४ सॉकेटवरचे (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा) बी४५० बोर्ड जुलै २०१८ मध्ये बाजारात आले. तेव्हा असेंबल केलेले कितीतरी पीसी अजून चालू आहेत, काही दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेलेत, आणि त्यांच्याबद्दल फिरून तेच प्रश्न येत राहतात. इथे ते सोप्यापासून अवघडाकडे लावलेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. माझा बोर्ड बी४५०च आहे हे कॅबिनेट न उघडता कसं कळेल?

विंडोजच्या सर्चमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' टाइप करा. उघडलेल्या यादीत 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' या ओळीत बोर्डाचं पूर्ण नाव दिसतं. त्याच यादीत बायोसची (बोर्ड सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमची) आवृत्ती आणि तारीख असते, तीही टिपून ठेवा, प्र. ४ आणि ५ साठी लागेल. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन-तीन रिव्हिजन असू शकतात आणि त्यांचा बायोस वेगळा असू शकतो. रिव्हिजनचा आकडा मात्र बोर्डाच्या कोपऱ्यावर छापलेला असतो, त्यासाठी झाकण काढावंच लागतं.

२. थोडक्यात सांगा, या बोर्डाचं चांगलं काय आणि वाईट काय?

सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे आयुष्य. २०१७ च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर याच सॉकेटात बसतात. २०१९ मध्ये ३२००जी घेऊन बसलेला माणूस आज फक्त प्रोसेसर बदलून ५६०० वर जाऊ शकतो. रॅम तीच, कॅबिनेट तेच. शिवाय ए३२० या स्वस्त चिपसेटवर (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवता, येत नाही, इथे येतो.

वाईट बाजू तीन. पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडीचा डेटा जाण्याचा रस्ता, तिसऱ्या पिढीवर थांबलेलं आहे (प्र. ७ आणि ९). चिपसेटमधून निघणाऱ्या लेन (त्या रस्त्याच्या मार्गिका) तर दुसऱ्या पिढीच्या आहेत, त्यामुळे खालच्या लांब स्लॉटला दिसायला १६ लेनचा खाचा असला तरी आत बहुधा ४ लेन असतात, त्याही संथ. आणि स्वस्त बोर्डांचा वीजपुरवठा कच्चा आहे (प्र. ६).

पण 'बी४५०' हे फक्त चिपसेटचं नाव आहे, बोर्डाच्या दर्जाचं प्रमाणपत्र नाही. हीटसिंकचा (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचा) पत्ता नसलेला दोन रॅम स्लॉटचा छोटा बोर्डही बी४५० आणि एमएसआयचा टोमाहॉक मॅक्ससुद्धा बी४५०. 'बी४५० कसा आहे?' असं कुणी विचारलं की मी आधी मॉडेलचं नाव विचारतो.

३. याच्या जागी महागातला बोर्ड टाकला तर गेममध्ये एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढतील का?

नाही. प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड तेच असेल तर फरक मोजण्याइतकाही पडत नाही. अपवाद दोनच: सध्याचा बोर्ड तापून प्रोसेसरचा वेग दाबत असेल (प्र. ६), किंवा रॅम तिच्या खऱ्या वेगाने धावत नसेल (प्र. ८). दुसऱ्याचा इलाज फुकट आहे, त्यामुळे आधी तो करून बघा.

४. दुकानदार म्हणतो बी४५० वर रायझन ५००० चालत नाही. खरं का?

चालतो. दुकानदार मात्र अगदीच हवेत बोलत नाही. मे २०२० मध्ये एएमडीने खरंच जाहीर केलं होतं की झेन ३, म्हणजे रायझन ५००० चे प्रोसेसर, ५०० मालिकेच्या चिपसेटवरच चालतील. त्यावर ग्राहकांनी एवढा आरडाओरडा केला की त्याच महिन्यात कंपनीला शब्द फिरवावा लागला. बी४५० साठी ५००० मालिकेचे बीटा बायोस २०२१ च्या सुरुवातीला यायला लागले, आणि २०२२ मध्ये तर ३०० मालिकेच्या बोर्डांनाही परवानगी मिळाली.

अडचण होती बायोस चिपच्या आकाराची. बऱ्याच जुन्या बोर्डांवर १६ एमबीची चिप आहे आणि इतक्या पिढ्यांच्या प्रोसेसरचा कोड तिच्यात मावेना. काही कंपन्यांनी बायोसचं देखणं रूप काढून साधा मेनू दिला, काहींनी अगदी जुन्या प्रोसेसरचा आधार काढून टाकला. एमएसआयने 'मॅक्स' नावाने ३२ एमबी चिपचे बोर्ड काढले ते यामुळेच.

म्हणून प्रोसेसर घेण्याआधी कंपनीच्या साइटवर आपल्या नेमक्या मॉडेलची सीपीयू यादी उघडा. त्यात प्रोसेसरच्या नावापुढे 'कोणत्या बायोसपासून' हा रकाना असतो. त्या आकड्याच्या मागे असाल तर नवा प्रोसेसर बसेल, फॅन फिरतील, डिस्प्ले येणार नाही.

५. बायोस अपडेट करायचाय, पण मध्येच लाइट गेली तर? आणि जुना प्रोसेसर विकून टाकला असेल तर?

लाइट जाण्याची भीती रास्त आहे. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड उठतच नाही, अशी उदाहरणं आहेत. यूपीएस लावा. स्वतःचा नसेल तर एका दुपारीपुरता शेजाऱ्याचा मागून आणा. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा, आणि अपडेट बायोसच्या मेनूतून करा. विंडोजमधून चालणारी सोय टाळा, कारण तिथे वीज जाण्याच्या जोडीला विंडोज अडकण्याचीही शक्यता असते. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर आधी तो तात्पुरता थांबवा आणि रिकव्हरी की लिहून ठेवा. बायोस बदलला की विंडोज ती की मागू शकतं.

प्रोसेसर हातात नसेल तर बोर्डाच्या मागच्या बाजूला 'फ्लॅश बायोस'चं बटण आहे का बघा. टोमाहॉकला ते आहे. प्रोसेसर नाही, रॅम नाही, फक्त एसएमपीएसचा (पॉवर सप्लायचा) २४ पिनी आणि प्रोसेसरचा ८ पिनी कनेक्टर लावायचा. बायोस फाइलचं नाव 'एमएसआय डॉट रॉम' असं इंग्रजी मोठ्या अक्षरांत करायचं, पेनड्राइव्ह खूण केलेल्या यूएसबी पोर्टात घालून बटण दाबायचं. शेजारचा लाल दिवा लुकलुकायला लागतो. पाचेक मिनिटांनी तो थांबेपर्यंत हात लावायचा नाही. दिवा दोन-तीन लुकलुकींत विझला तर फाइलचं नाव किंवा पेनड्राइव्हचा फॉरमॅट चुकलाय.

बटण नसेल तर कुणाचा तरी जुना रायझन तासाभरासाठी मिळवा, किंवा दुकानात थोडे पैसे देऊन अपडेट करून घ्या.

एक खबरदारी: अजून पहिल्या-दुसऱ्या मालिकेचाच प्रोसेसर वापरत असाल आणि बदलणार नसाल, तर डाउनलोडच्या पानावरची सूचना नीट वाचा. काही कंपन्यांनी नव्या बायोसखाली 'जुना प्रोसेसर असेल तर हा टाकू नका' असं स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि काही ठिकाणी परत मागे येता येत नाही.

६. ५८००एक्स३डी किंवा ५९५०एक्स लावला तर बोर्ड झेपेल का?

प्रोसेसरला वीज बारीक करून देणारा भाग म्हणजे व्हीआरएम. बोर्ड उघडून सॉकेटच्या डावीकडे आणि वरच्या बाजूला पाहा. करड्या रंगाचे चौकोनी ठोकळे दिसतात ते चोक. त्यांच्या शेजारच्या चपट्या काळ्या चिप म्हणजे मॉसफेट. खरी तापतात ती मॉसफेट, आणि हीटसिंक त्यांच्यावर हवा. चोक मोजून 'किती फेजचा (वीज वाटून घेणाऱ्या शाखांचा) बोर्ड' हे ठरवू नका, कारण एकाच फेजला दोन चोक लावून जाहिरातीत आकडा फुगवलेला असतो.

आता हिशेब. ६५ वॅटचा म्हणून विकला जाणारा ५६०० प्रत्यक्षात ७६ वॅटपर्यंत ओढू शकतो. १०५ वॅटचा ५८००एक्स, ५८००एक्स३डी किंवा ५९५०एक्स यांची मर्यादा १४२ वॅट. ६५ वॅटवाले कुठल्याही धड बी४५० वर चालतात, हीटसिंक नसली तरी. ५८००एक्स३डी गेममध्ये त्या मर्यादेच्या बराच खाली राहतो, म्हणून हीटसिंकवाल्या मध्यम बोर्डावर तो सुखाने नांदतो. ५९५०एक्स घेऊन तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करायचे असतील तर स्वस्त बी४५० वर तो लावू नका. चालणार नाही असं नाही, पण पैसे १६ कोअरचे मोजून वेग कमी कोअरचा मिळेल.

झेपत नसल्याचं लक्षण सोपं आहे. प्रोसेसरचं तापमान ठीक दिसतं, तरी भार आल्यावर काही मिनिटांत क्लॉक (प्रोसेसरचा वेग) अचानक खाली आदळतो, थोडा वेळ तिथेच राहतो, परत वर येतो. 'एचडब्ल्यूइन्फो' या प्रोग्रॅममध्ये व्हीआरएमचं तापमान दिसलं तर शंका लगेच फिटते, पण स्वस्त बोर्डांवर बहुतेकदा तो सेन्सरच नसतो.

यात एक गंमत आहे. एएमडीसोबत येणारा साधा कूलर वरून खाली हवा मारतो, त्यामुळे मॉसफेटनाही वारा मिळतो. लोक हौसेने लिक्विड कूलर लावतात, प्रोसेसर थंड होतो आणि व्हीआरएमवरची झुळूकच बंद होते. लिक्विड लावलाच असेल तर मागचा एक्झॉस्ट फॅन काढू नका. बायोसमध्ये 'इको मोड' असेल तर १०५ वॅटचा प्रोसेसर ६५ च्या मर्यादेत बसवता येतो. गेममध्ये फरक फार थोडा पडतो.

७. चौथ्या पिढीची एनव्हीएमई एसएसडी घेतली तर वाया जाईल का? त्यासाठी बी५५० वर (याच सॉकेटच्या पुढच्या चिपसेटवर) जाऊ का?

वाया जात नाही, तिसऱ्या पिढीच्या वेगाने चालते. म्हणजे सेकंदाला साधारण ३५०० एमबी, जिथे चौथ्या पिढीवर ७००० पर्यंत जाता आलं असतं. साधी साटा एसएसडी ५५० च्या आसपास असते हे लक्षात घेतलं तर ३५०० काही कमी नाही. विंडोज सुरू व्हायला किंवा गेम लोड व्हायला लागणाऱ्या वेळेत हा फरक जाणवत नाही. रोज शेकडो जीबीच्या व्हिडिओ फाइल हलवणाऱ्याला जाणवतो, त्याने बी५५० बघावा.

तरी बी५५० घेण्याआधी प्रोसेसर बघा. ५६००जी, ५५०० आणि एक्स नसलेला ५७०० यांच्यात मुळातच तिसरी पिढी आहे. ते बी५५० वर लावले तरी चौथी पिढी मिळत नाही.

८. रॅम ३२०० ची घेतली, पण टास्क मॅनेजरमध्ये २४०० दाखवतं. बोर्ड खराब आहे का?

बोर्ड ठीक आहे, सेटिंग राहिलंय. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅमला तिचा छापील वेग देणारं सेटिंग) चालू करा. असूसच्या बोर्डावर त्याला डीओसीपी म्हणतात. चालू केल्यावर पीसी उठला नाही तर घाबरू नका. तीन-चार वेळा आपोआप रीस्टार्ट होऊन तो जुन्या वेगावर येतो. नाहीच आला तर सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेटिंग मूळ स्थितीला आणा (प्र. १०).

रायझन १००० आणि २००० मध्ये रॅम सांभाळणारा भाग कमजोर आहे. त्यांच्यावर ३२०० टिकली नाही तर दोष प्रोसेसरचा, बोर्डाला शिव्या देऊ नका. ३००० आणि ५००० वर ३२०० सहज मिळते, ३६०० सुद्धा बहुधा मिळते. चार काड्या लावल्या तर वेग थोडा उतरवावा लागू शकतो. दोनच असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. ५६००जीसारख्या आतल्या ग्राफिक्सवर खेळणाऱ्यांनी एकच काडी लावणं म्हणजे ग्राफिक्सचा गळा दाबणं आहे.

९. बजेट कमी आहे, आरएक्स ६५०० एक्सटी हे ग्राफिक्स कार्ड घेऊ का?

या बोर्डावर नको. ते कार्ड फक्त ४ लेन वापरतं आणि त्याची सगळी भिस्त चौथ्या पिढीच्या वेगावर आहे. बी४५० वर तो रस्ता निम्मा होतो. त्यात मेमरी ४ जीबीच, ती भरली की माल रॅममधून त्याच अरुंद रस्त्याने येतो आणि गेम अडखळतो. आरएक्स ६४०० चंही तसंच. ८ लेनची कार्डं, म्हणजे आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६०, बी४५० वर बिनधास्त लावा. त्यांच्या ८ जीबीत मावेल असं सेटिंग ठेवलं तर तोटा नगण्य असतो.

इंटेलच्या आर्क कार्डांचा मामला वेगळा. त्यांना 'रिसायझेबल बार' (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतंच, नाहीतर वेग फार पडतो. नव्या बायोसवर बी४५० ला ते मिळतं, पण सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद करावं लागतं (प्र. ११). प्रोसेसरही रायझन ३००० किंवा पुढचा हवा.

१०. फॅन फिरतात पण डिस्प्ले येत नाही. बोर्ड गेला का?

बोर्ड गेला असं ठरवण्याआधी मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते बघा. बोर्डाला एचडीएमआय पोर्ट असलं तरी ५६०० किंवा ३६०० मध्ये आतलं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे तिथून चित्र येणारच नाही. केबल ग्राफिक्स कार्डाला लावा.

तिथे ठीक असेल तर बोर्डावरचे चार बारीक दिवे बघा, असतील तर. सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट. जो पेटून राहिला तिथे घोडं अडलंय. डीरॅमचा पेटला तर एकच काडी ठेवा, तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसा, प्रत्येक स्लॉटमध्ये लावून बघा. मग सीमॉस क्लिअर: वीज काढा, बोर्डावरच्या सीमॉसच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक काही सेकंद टेकवा, किंवा गोल बॅटरी पाचेक मिनिटं काढून ठेवा. बॅटरी सीआर२०३२ असते. तारीख सारखी मागे जात असेल तर तीच संपलीय.

११. विंडोज ११ चालेल का?

बोर्डाची आडकाठी नाही, प्रोसेसरची असू शकते. रायझन १००० मालिका मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही, आणि नावात २००० चा आकडा असूनही २२००जी, २४००जी सुद्धा नाहीत. २६०० आणि पुढचे चालतात. बायोसमध्ये एफटीपीएम आणि सिक्युअर बूट (विंडोज ११ ला लागणाऱ्या दोन सुरक्षा-सोयी) चालू करा, सीएसएम बंद करा. मात्र जुनं विंडोज एमबीआर या जुन्या पद्धतीने मांडलेल्या डिस्कवर असेल तर सीएसएम बंद केल्यावर ते सुरूच होणार नाही. आधी डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीत बदला, त्याआधी बॅकअप घ्या. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे हे काम टाळण्यात अर्थ नाही.

एफटीपीएम चालू केल्यावर मधूनच आवाज आणि चित्र क्षणभर अडकतं? एएमडीने मार्च २०२२ मध्ये हा दोष मान्य केला होता. बायोसच्या नोंदीत 'अगेसा (बायोसमधला एएमडीचा मूळ कोड) १.२.०.७' किंवा पुढचा आकडा असलेली आवृत्ती टाका.

१२. एम.२ एसएसडी लावली आणि हार्डडिस्क दिसेनाशी झाली.

काही बी४५० बोर्डांवर एम.२ स्लॉट आणि एक-दोन साटा पोर्ट एकाच लेन वाटून घेतात. हार्डडिस्कची केबल दुसऱ्या पोर्टात लावा, दिसेल. कोणता पोर्ट बंद पडतो ते मॅन्युअलमध्ये स्लॉटच्या पानाखाली बारीक अक्षरात असतं.

१३. कूलर काढताना प्रोसेसरच उपटून हातात आला. आता?

एएम४ वर हे सर्रास होतं. पिना प्रोसेसरला असतात, सॉकेट त्यांना नुसतं चिमटीत धरतं, आणि वाळलेली थर्मल पेस्ट दोघांना चिकटवून ठेवते. पिना शाबूत असतील तर काहीच बिघडलेलं नाही. वाकल्या असतील तर शिसपेनच्या, म्हणजे मेकॅनिकल पेन्सिलच्या, रिकाम्या टोकात पिन घेऊन हळूहळू सरळ करा. एकाच पिनेला चार वेळा पुढे-मागे केलंत तर ती तुटते.

पुढच्या वेळी पीसी दहा मिनिटं भारावर चालवून पेस्ट मऊ करा, बंद करून वीज काढा, कूलर आधी डावी-उजवीकडे पिळा, सुटल्याचं हाताला कळलं की मगच उचला.

१४. जुना बी४५० विकत घेतोय. काय तपासू?

लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, जुन्या बोर्डाला फार तर काही दिवसांची 'टेस्टिंग वॉरंटी' मिळते. कंपनीची साधारण ३ वर्षांची वॉरंटी यातल्या बहुतेक बोर्डांची संपलीय. म्हणून बोर्ड चालू करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि चालू म्हणजे बायोसचा पडदा नव्हे, विंडोज.

सगळे रॅम स्लॉट एकेक करून तपासा. चार स्लॉटच्या बोर्डात दोन मेलेले असणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि विकणारा चालू दोनांतच काड्या लावून दाखवतो. मागचे सगळे यूएसबी पोर्ट, लॅनचा दिवा, पुढच्या जॅकचा आवाज हेही बघा. फुगलेले कपॅसिटर शोधण्याचा जुना मंत्र आता उपयोगाचा नाही, या बोर्डांवर सॉलिड कपॅसिटर असतात, ते मेले तरी चेहरा बदलत नाही. त्याऐवजी मोठ्या चिपभोवती तपकिरी, चिकट चमक दिसते का बघा. ती असेल तर तिथे हीट गन फिरलीय, म्हणजे दुरुस्ती झालीय. असा बोर्ड मी कितीही स्वस्त मिळाला तरी घेत नाही.

मागची आयओ प्लेट आणि एम.२ चा तो एवढासा स्क्रू मागून घ्या, नंतर बाजारभर हिंडावं लागतं. आणि बायोस तुमच्या प्रोसेसरला चालेल असा तिथेच अपडेट करून मागा (प्र. ४).

१५. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. बोर्डातून करंट येतोय का?

बोर्डातून नाही. घरात अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात, ते अर्थला जोडलेले असतात. अर्थच नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर २३० च्या साधारण निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, टेस्टर मात्र पेटतो. अशा वेळी चालू पीसीला टीव्हीची एचडीएमआय केबल खुपसली तर पोर्ट जळू शकतं. तिसरी पिन तोडून दोन पिनी सॉकेटात घालू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

कोकणातल्या वाचकांसाठी एवढंच की खारी दमट हवा पोर्टांना आणि स्लॉटना हिरवट गंज चढवते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा, पेट्रोलने नाही.

१६. बोर्ड खरंच मेला. दुसरा बी४५० शोधू, बी५५० घेऊ की सरळ एएम५ (एएमडीचं पुढचं सॉकेट) वर जाऊ?

प्रोसेसर ५६०० किंवा वरचा असेल तर नवा बी५५० घ्या. वॉरंटी मिळते आणि ग्राफिक्स कार्डाला चौथी पिढीही. ओव्हरक्लॉक करायचं नसेल तर त्याच मालिकेतल्या स्वस्त ए५२० नेही भागतं, फक्त त्यात पीसीआय तिसऱ्या पिढीचंच आहे. जुना बी४५० तेव्हाच, जेव्हा प्रोसेसर २६०० किंवा त्याआधीचा आहे आणि खिशातून कमीत कमी घालवायचंय. त्या प्रोसेसरना बी५५० वर अधिकृत आधार नाही.

एएम५ वर जाणं म्हणजे बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम तिन्ही नवं, कारण तिथे फक्त डीडीआर५ चालते. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव ज्या तऱ्हेने चढलेत ते पाहता, हातात चांगली १६ किंवा ३२ जीबी डीडीआर४ असताना ती फेकून देण्याची घाई मला पटत नाही.

१७. बोर्ड बदलला की विंडोज पुन्हा विकत घ्यावं लागेल का?

रिटेल (सुटं विकत घेतलेलं) लायसन्स असेल तर नाही. बोर्ड बदलण्याआधी ते मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवा आणि नव्या बोर्डावर 'अलीकडे हार्डवेअर बदललं' हा पर्याय निवडून ॲक्टिव्हेट करा. ओईएम (पीसीसोबत आलेलं) लायसन्स मात्र त्या बोर्डाशी बांधलेलं असतं. कोणतं आहे ते कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एसएलएमजीआर' ही कमांड 'डीएलआय' जोडून चालवली की कळतं.